जत्रेतला खाऊ आणि मुलांचे चार प्रश्न

वार्षिक परीक्षा संपल्या की शिरूर अनंतपाळच्या घराघरांत मुलांची एकच भुणभुण सुरू होते: जत्रेला कधी जायचे? चैत्र-वैशाख हा मराठवाड्यात जत्रांचा हंगाम. ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो, मृगाला अजून अवकाश असतो, आणि हनुमान जयंतीच्या आगेमागे गावोगावच्या पारांजवळ पाले उभी राहू लागतात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी भाविक चुन्याच्या रानात चुन्याचे खडे वेचतात. त्या गर्दीत लातूर जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे लेकराबाळांसह असतात.

जत्रेची हौस या तालुक्याच्या अंगातच आहे. शिरूर अनंतपाळ तालुका झाला तो १९९९ साली, पण त्याच्या किती तरी आधीपासून इथल्या हिसामाबाद म्हणजे उजेड या गावात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. देवाच्या, पिराच्या यात्रा सगळीकडे आहेत. राष्ट्रपित्याला ‘गांधीबाबा’ म्हणून त्याच्या नावाने दुकाने, पाळणे आणि कुस्त्यांचा फड भरवणारे गाव विरळाच.

मोठ्यांसाठी जत्रा म्हणजे देवदर्शन, पाहुणेरावळे, बाजार. मुलांसाठी जत्रा म्हणजे खाऊ. इथेच आईवडिलांची कोंडी होते. काही घरे ‘बाहेरचे काही खायचे नाही’ म्हणून मुलाला गोळ्याच्या गाडीसमोरून ओढत नेतात. काही घरे मूल मागेल ते हातावर ठेवतात आणि पुढचे दोन दिवस दवाखान्यात घालवतात. पहिल्या वाटेने मूल काहीच शिकत नाही, पुढे कॉलेजला लातूरला गेल्यावर ते सगळे खाते आणि काय पाहून खावे हे त्याला ठाऊक नसते. दुसरी वाट तर सरळ आजारपणाची आहे. मुलाला जत्रेत न्यावे, आवडीचे खाऊ द्यावे, आणि खाण्याआधी चार प्रश्न विचारायला शिकवावे, ही तिसरी वाट या प्रकरणात मांडली आहे. ते चार प्रश्न असे: पाणी कुठले? केले कधी? हात कुणाचे लागले? रंग कशाचा?

खाऊगल्लीत काय काय असते

आधी जत्रेतल्या खाऊची ओळख करून घेऊ, कारण त्यातला बराचसा आपल्याच मातीतला आहे. पालाखाली टोपल्यांत गोडीशेव, रेवड्या, बत्तासे, फुटाणे आणि मुरमुरे असतात. हे जत्रेचे सगळ्यात जुने पदार्थ, आणि ते टिकले त्याला कारण आहे. त्यांत पाण्याचा अंश फार थोडा असतो. जंतूंना वाढायला ओलावा लागतो. गुळाच्या पाकात घोळलेली शेव किंवा कडक रेवडी यांच्यात तो त्यांना मिळत नाही. शीतपेटी नव्हती त्या काळात बैलगाडीतून गावोगाव फिरणाऱ्या हलवायाने हे ज्ञान अनुभवातून मिळवले होते. अट एकच, टोपली झाकलेली हवी.

मग येतो भेळभत्ता. मुरमुरे, शेव, कांदा, कोथिंबीर, चिंचेचे पाणी. लातूर जिल्ह्यातल्या मुलांना या भेळीविषयी एक गोष्ट जरूर सांगावी. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि लातूरच्याच काष्टी कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी बोरसुरीच्या तूरडाळीलाही ते मिळाले. आपल्या भागातली चिंच आणि कोथिंबीर देशाच्या नोंदवहीत गेली आहे, हे भेळ खाताखाता कळले तर पुस्तकातला धडा मुलांच्या जिभेवर राहील.

त्यापुढे तळणाच्या कढया: भजी, वडे, गरम जिलेबी. शेजारी तिखट निलंगा राईसची गाडी. आणि उन्हाळा म्हणून सगळ्यात मोठी गर्दी थंड पदार्थांपाशी: उसाचा रस, लिंबू सरबत, मठ्ठा, कलिंगडाच्या फोडी, कुल्फी, बर्फाचा गोळा. पोटाच्या दृष्टीने जत्रेचे हेच टोक सगळ्यात नाजूक. का, ते आता पाहू.

मुलांचे पोट मोठ्यांसारखे नसते

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पहिल्यांदा जगाचा हिशोब मांडला. दूषित अन्नामुळे दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. पाच वर्षांखालची मुले जगाच्या लोकसंख्येत ९ टक्के, पण या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ३० टक्के.

याची कारणे मुलाच्या शरीरात आहेत. रोगांशी लढण्याची यंत्रणा अजून शिकत असते. शिवाय दहा किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले तर तो त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा होतो. साठ किलोच्या माणसाला तेवढेच पाणी गेले तर नुसता थकवा जाणवेल, मुलाचा मात्र जीव धोक्यात येतो. म्हणून ‘आम्ही पण तेच खाल्ले, आम्हाला काही झाले नाही’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत कामाचे नाही.

पहिला प्रश्न: पाणी कुठले?

चारांपैकी एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हा विचारावा. जत्रेतली बहुतेक आजारपणे पाण्यातून येतात, आणि पाणी फक्त पेल्यात नसते. ते बर्फात असते, चटणीत असते, धुतलेल्या कोथिंबिरीवर असते आणि ज्या बादलीत शंभर पेले विसळले गेले त्या बादलीत असते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा प्रश्न जास्तच जड होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा डब्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाणी इतके मोलाचे असते तेव्हा गाडीवाला पेले विसळायची बादली तासातासाला ओतून देत नाही. त्याला दोष देऊन भागत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात तोही उभा असतो. पण मुलाच्या तोंडाला तो पेला लावायचा की नाही, हे आपल्या हातात आहे. घरून स्टीलचा एक पेला आणि एक चमचा पिशवीत टाकून न्यावा. रस, मठ्ठा, सरबत जे घ्यायचे ते त्यातच ओतून मागावे. एवढ्या साध्या गोष्टीने बादलीचा प्रश्न निकालात निघतो.

बर्फाविषयी एक मोठा गैरसमज आहे. गोठल्यावर जंतू मरतात असे अनेकांना वाटते. बहुतेक जंतू गोठल्यावर नुसते थांबतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. बर्फ ज्या पाण्याचा, तितकाच तो स्वच्छ. शिवाय बाजारातला सगळाच बर्फ खाण्यासाठी बनवलेला नसतो. मासे, औषधे, दूध थंड ठेवायला लागणारा बर्फ साध्या पाण्याचा असतो. तो खाण्यात येऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात फिकट निळा रंग मिसळण्याचा नियम आहे. मुलाला हे सांगून ठेवावे: निळसर बर्फाची लादी दिसली तर त्या गाडीवर काही घ्यायचे नाही. पांढरा बर्फ दिसला म्हणून तो शुद्ध ठरत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. लादी गोणपाटात गुंडाळून जमिनीवर पडली असेल तर रंग पाहायचीही गरज नाही.

उसाचा रस या प्रश्नावर बराच उजवा ठरतो, कारण रसातले पाणी उसाच्या कांडीतून येते. बर्फ न घालता, डोळ्यांसमोर काढलेला, लिंबू-आले घातलेला रस चांगला. ऊस सोलून धुतलेला आहे का, चरकाखालचे भांडे आणि गाळणी झाकलेली आहे का, हे मुलाला पाहू द्यावे. काढून ठेवलेला रस काही मिनिटांत काळपट होऊ लागतो. उसातली विकरे हवेशी मिसळल्यावर हा बदल घडवतात, आणि लिंबाचा आंबटपणा त्यांना आवर घालतो. मूल पाचवी-सहावीत असेल तर हा प्रयोग त्याला तिथेच दाखवता येतो: एका पेल्यात लिंबू घातलेला रस, दुसऱ्यात न घातलेला, आणि थोडा वेळ रंगाकडे लक्ष. गोडाचे भान मात्र हवे. २०० मिलिलिटर रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर असते. लहान मुलाला अर्धा पेला पुरेसा.

पाणीपुरीचे पाणी आणि भेळीची पातळ चटणी यांवर दोन मते आहेत. चिंचेच्या आंबटपणात बरेच जंतू वाढू शकत नाहीत, हे खरे. पण चटणीत पाणी वाढवत नेले की तो आंबटपणा पातळ होतो आणि संरक्षणही कमी होते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला सुकी भेळ द्यावी, पाणीपुरी मोठी झाल्यावर.

पाणपोई ही आपल्याकडची फार चांगली रीत. गुढीपाडव्यापासून रांजण मांडून वाटसरूंना पाणी पाजणारी माणसे गावोगाव आहेत. तिथे फक्त एवढे पाहावे की पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढले जाते की प्रत्येक जण पेल्यासकट हात आत बुडवतो. हात बुडत असेल तर घरची बाटली काढावी, आणि पाणपोईवाल्यांना एक ओगराळे आणून द्यावे.

दुसरा प्रश्न: केले कधी?

अन्न गरम असताना सुरक्षित असते, थंडगार असताना बऱ्यापैकी सुरक्षित असते. मधला कोमट पट्टा घातक. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूचे चार तासांत चार हजारांवर जंतू होतात, हा गुणाकार मुलाला वहीत करून पाहता येईल. म्हणूनच शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे आपल्यासाठी एक तासाचाच हिशोब.

म्हणून कढईतून निघून थेट आपल्या पानात येणारे भजे हे जत्रेतले सगळ्यात भरवशाचे खाणे. तळणाचे तेल १७० अंशांच्या आसपास तापलेले असते. त्यात जंतू टिकत नाहीत. तेच भजे परातीत ढीग करून तासन्‌तास ठेवले आणि वर कोमट चटणी ओतली की भरवसा संपला. तेलाकडेही पाहावे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक वाढत जातात. २०१८ पासून या घटकांवर देशात २५ टक्क्यांची मर्यादा आहे. मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते, पण काळे पडलेले, धुरकटणारे, फेसाळणारे तेल मुलालाही ओळखता येते.

भाताचे वेगळे प्रकरण आहे. भातात राहणाऱ्या एका जंतूची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. निलंगा राईस खावा तो वाफाळता, ज्या गाडीवर पातेले भराभर रिकामे होते आणि नवे चढते त्या गाडीवर. गर्दीच्या गाडीवर खावे असे जुनी माणसे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. तिथे अन्न पडून राहत नाही.

उन्हाळी जत्रांना जोडून भंडारे आणि उपवासाचे फराळ असतात. तिथे भगर आणि शेंगदाण्याची आमटी हमखास असते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीला, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एका धार्मिक कार्यक्रमातला फराळ खाऊन दोन हजारांच्या आसपास माणसांना विषबाधा झाली. भगर, आणि विशेषतः तिचे पीठ, ओलावा पटकन धरते आणि बुरशी येते. सुटे, जुने पीठ टाळावे, भगर निवडून-धुऊन ताजी शिजवावी, असे अन्न व औषध प्रशासन उपवासांच्या दिवसांत दरवर्षी बजावते. लेकराच्या पानात ही भगर वाढली जाते तेव्हा ‘केली कधी?’ हा प्रश्न पंगतीत विचारायला संकोच वाटू नये. प्रसादाचा मान राखूनही विचारता येतो.

कुल्फीला हाच प्रश्न उलट्या बाजूने लागू होतो. दूध आटवून केलेली कुल्फी घट्ट गोठलेली असेल तर ठीक. वितळून पुन्हा गोठवलेली कुल्फी वेडीवाकडी होते, तिच्यात बर्फाचे मोठे खडे लागतात. अशी कुल्फी परत करावी. कुल्फीवाल्याच्या माठात मुलाला डोकावू द्यावे. बर्फात मीठ घातले की तो शून्य अंशाच्या खाली जाऊनही वितळत राहतो आणि वितळताना डब्यांतली उष्णता शोषून घेतो. वीज नसताना माठात कुल्फी गोठते ती या मिठामुळे. विज्ञानाचा इतका चवदार प्रयोग शाळेत सहसा होत नाही.

तिसरा प्रश्न: हात कुणाचे लागले?

गाडीवर एकच माणूस पैसे घेतो, कांदा चिरतो, भेळ कालवतो आणि फडक्याला हात पुसतो. नोट हजारो हातांतून आलेली असते. ज्या गाडीवर पैसे एक जण घेतो आणि खाणे दुसरा देतो, ती गाडी निवडावी. चमच्याने, चिमट्याने वाढणारा विक्रेता बरा. कलिंगडाच्या आधीच चिरून ठेवलेल्या फोडींवर माश्या आणि धूळ दोन्ही बसतात. त्यापेक्षा अख्खे कलिंगड समोर कापून घ्यावे, तेही साल आणि सुरी धुऊन, कारण सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते.

वर्तमानपत्राच्या कागदात खाणे देण्याला देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. छपाईच्या शाईतली रसायने गरम, तेलकट पदार्थात उतरतात. पळसाची पत्रावळ, केळीचे पान किंवा घरचा डबा पुढे करावा. मराठवाड्यात पळसाला तोटा नाही.

आणि हात मुलाचेही असतात. पाळण्याच्या लोखंडी दांड्याला, मातीला, शेळीच्या पिलाला लागलेले हात तसेच भेळीत जातात. साबणाची वडी आणि पाण्याची एक वेगळी बाटली सोबत ठेवावी. वीस सेकंद चोळून धुतलेले हात पोटाचे मोठे रक्षण करतात.

चौथा प्रश्न: रंग कशाचा?

गोळ्यावरचे लाल-हिरवे पाणी, गुलाबी ‘म्हातारीचे केस’, केशरी जिलेबी. मुलाचे डोळे आधी रंगाकडे जातात. भारतात खाद्यपदार्थांसाठी मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. कापड रंगवायचा स्वस्त रंग मात्र बाजारात सहज मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने ‘म्हातारीचे केस’ विकायलाच बंदी घातली, कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा गुलाबी रंग सापडला. पाठोपाठ कर्नाटकानेही अशा रंगांवर बंदी आणली. आपला तालुका कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे, आणि जत्रेतला विक्रेता या वर्षी इकडे तर पुढच्या वर्षी तिकडे पाल टाकतो.

मुलाला सांगायची खूण सोपी आहे: जिभेवर आणि बोटांवर तासभर टिकणारा भडक रंग नको. गोळा हवाच असेल तर बर्फाची खात्री करून त्यावर लिंबू, काळे मीठ, कोकम किंवा कैरीचे पाणी मागावे.

ऊन, कढई आणि घशातला दाणा

खाऊचा विचार करताना तीन धोके नजरेआड होतात. ते थोडक्यात सांगतो.

पहिला उन्हाचा. आपल्या पठारावरची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, घाम आला तसा वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. मूल मोठ्यांपेक्षा लवकर तापते. जत्रेला दुपारी चारनंतर निघावे, टोपी किंवा उपरणे घ्यावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता मुलाला पाणी पाजत राहावे. मूल गुंगले, असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुसरा कढईचा. जत्रेतल्या शेगड्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर असतात. भाजले तर वीस मिनिटे साधे गार पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये.

तिसरा घशात अडकण्याचा. पाच वर्षांखालच्या मुलाला फुटाणे, अख्खे शेंगदाणे आणि कडक रेवड्या देऊ नयेत, आणि पाळण्यात बसल्यावर किंवा पळताना कोणत्याही वयाच्या मुलाला काही खायला देऊ नये. दाणा अडकून मुलाचा आवाजच बंद झाला तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात.

वयाप्रमाणे काय द्यावे

एक वर्षाखालच्या बाळाला जत्रेतले काहीही नको. अंगावरचे दूध आणि घरून नेलेले मऊ अन्न पुरेसे. एक ते चार वर्षांच्या मुलाला नुकतेच तळलेले-शिजवलेले गरम पदार्थ, सोलून खायचे केळे, समोर कापलेले कलिंगड. पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला चार प्रश्न विचारू द्यावेत आणि त्याने निवडलेल्या गाडीवर खावे. त्याची निवड चुकली तर तिथेच रागवण्यापेक्षा पुढच्या गाडीवर नेऊन दोहोंतला फरक दाखवावा. दहाच्या पुढच्या मुलाच्या हातात ठरलेले पैसे द्यावेत. तेवढ्यात रस घ्यायचा, भेळ घ्यायची की पाळण्यात बसायचे, हे त्याने ठरवावे. हिशोब आणि आवर घालणे यांचा सराव इथे आपोआप होतो.

नव्या चवीविषयीही धीर धरावा. दोन ते सहा वर्षांची मुले अनोळखी पदार्थ नाकारतात, ती त्या वयाची रीत आहे. बळजबरी न करता तोच पदार्थ आठ-दहा वेळा थोडाथोडा समोर आला की बहुतेक मुले तो स्वीकारतात. घरी ताकाला तोंड न लावणारे मूल जत्रेत चुलत भावंडांच्या बरोबरीने मठ्ठा पिते, कारण बाकीची मुले पीत असतात.

आणि निघण्याआधी मुलाच्या खिशात आपल्या मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ती जागा आल्याआल्याच दाखवावी. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक देशभर चालतो.

पोट बिघडलेच तर

सगळी काळजी घेऊनही कधी तरी जुलाब होतात. तेव्हा घाबरण्यापेक्षा मुलाच्या अंगातले पाणी भरून काढणे महत्त्वाचे. हे ज्ञान आपल्याच उपखंडातल्या एका भीषण उन्हाळ्यात सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

औषध दुकानातली जलसंजीवनी (ओआरएस) पुडी घरात असावी. ती पुडीवर लिहिले असेल तितक्या, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजाने पाणी असे करू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या तर आजार लवकर आवरतो. शौचात रक्त, सतत उलट्या, सुस्ती, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जे एकट्या घराच्या हाती नाही

इथवर सांगितलेले सगळे आईवडिलांच्या हातातले होते. पण स्टीलचा पेला घेऊन जाणारे घर एक, आणि हातात दहाची नोट घेऊन एकटी फिरणारी मुले शंभर. त्यांचे रक्षण गावच करू शकते.

१९१५ साली गांधीजी हरिद्वारच्या कुंभमेळ्याला गेले होते. त्यांच्या फिनिक्स आश्रमातल्या मंडळींनी तिथे शौचाचे खड्डे मातीने झाकण्याचे काम मागून घेतले, कारण मेळ्यातली रोगराई तिथूनच पाण्यात आणि अन्नात उतरते. त्याच मेळ्यात त्यांनी दिवसाला पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. गांधीजींच्या नावाने यात्रा भरवणारा तालुका आपला आहे. मेळ्याची स्वच्छता हे त्यांनी स्वतः हात घालून केलेले काम होते, म्हणून या तालुक्यातल्या प्रत्येक जत्रेत ते व्हायला हवे.

यात्रा समितीच्या बैठकीत कुस्तीच्या बक्षिसाची रक्कम ठरते, पालांच्या जागा ठरतात, वर्गणी ठरते. त्याच बैठकीत आणखी चार ठराव होऊ शकतात. खाऊच्या ओळीच्या दोन्ही टोकांना क्लोरीन टाकलेल्या पाण्याची तोटीची टाकी आणि साबण. शौचालये खाऊच्या ओळीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. बर्फ कुठून आणला याची पावती प्रत्येक थंड पदार्थवाल्याकडे. आणि अन्न व्यवसायाची नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला हाकलण्याऐवजी ती करून द्यायला ग्रामपंचायतीची मदत. टाकी, साबण आणि पावती यांना फार पैसे लागत नाहीत. विक्रेत्यालाही हे हवेच असते, कारण त्याच्या गाडीमागे त्याचीच मुले त्याच बादलीतले पाणी पीत बसलेली असतात.

मुलांनी प्रश्न विचारावेत, ही घराची जबाबदारी. ‘पाणी कुठले?’ असे एखाद्या मुलीने रसवाल्याला विचारले तर त्याला बिनधास्त टाकीकडे बोट दाखवता आले पाहिजे, ही गावाची जबाबदारी. पुढच्या जत्रेची वर्गणी गोळा व्हायच्या आधी हा विषय ग्रामसभेत मांडावा, आणि मांडताना आपल्या मुलांना सोबत न्यावे.